नवसाचा कोंबडा आणि हसुरामचा पाय

कोंबडीचा पाय सुजला की लोक आधी हळद लावतात, मग गाडीचं काळं ऑइल लावतात, मग शेजारणीला विचारतात, आणि कोंबडी बसली ती उठेनाशी झाली की मला फोन करतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काकी, कालच सुजलाय." काल सुजलेला पाय मला कळतो. काल सुजलेल्या पायाखाली लिंबाएवढी गाठ आणि गाठीवर काळी खपली नसते. पण तसं तोंडावर म्हटलं की माणसं रुसतात, म्हणून मी म्हणते, "घेऊन ये."

हल्ली फोटो पाठवतात. पाय सुजलाय आणि फोटो कोंबडीच्या तोंडाचा. पाय दाखव म्हटलं तर वरून नखांचा फोटो येतो. अगो, तळवा दाखव! तळवा दाखवायचा तर कोंबडी धरून उलटी करावी लागते, आणि निम्म्या लोकांना स्वतःची कोंबडी धरायची भीती वाटते. अशा माणसांनी मासे पाळावेत.

गावातल्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यातल्या पोरींनी माझ्यामागे लकडा लावला की काकी, तुमचे अनुभव लिहा. मी चौथी शिकले आहे, लिहिता येतं. लग्न होऊन पावणे गावात आले तेव्हापासून माझा धंदा गावठी अंड्यांचा आणि कोंबड्यांचा. लग्न, बाळंतपणं, सासू हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते लिहीत नाही. पायांबद्दल लिहिते, कारण त्यावरून मी आयुष्यभर लोकांशी भांडत आले आहे.

मी आले तेव्हा आमच्या कोंबड्या भाताच्या खाचरात आणि बांधावर फिरायच्या. खाली मऊ माती. पाय सुजलेली कोंबडी क्वचित दिसायची. मग शेतं गेली, कारखाने आले, अंगणात सिमेंट आलं, सिमेंटवर लाद्या आल्या. कोंबडी मात्र तीच राहिली. ती अजून पाण्याच्या टाकीवर चढते आणि खाली मातीच आहे असं समजून उडी मारते. शिवाय गल्लीच्या टोकाला कारखान्यांचा कचरा. त्यात लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस असतो, स्प्रिंगसारखा वळलेला आणि ब्लेडसारखा धारदार. कोंबडीला उकरल्याशिवाय चैन पडत नाही. तिला उकरायला मिळतं ते हे.

माझी पद्धत साधी आहे. आलेली कोंबडी लगेच हातात घेत नाही. आधी खाली सोडते आणि चालू देते. कुठला पाय टेकते, किती वेळ टेकते, पंजा उघडते की मिटूनच ठेवते, ते बघते. लोकांना हा वेळ काढणं वाटतं. मग जुन्या गाऊनमध्ये गुंडाळते, डोकं झाकते, कोंबडी गप्प होते. मग तळवा. तळव्याला काळी खपली आणि खाली टणक गाठ असेल तर आत काहीतरी घुसलंय किंवा उडीचा मार बसून आत पू झालाय. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून ठेवायचा, खपली आपोआप मऊ झाली तर काढायची, औषध लावून पट्टी बांधायची, कोरड्या भुशावर ठेवायची. ब्लेड घेऊन कोरायला बसायचं नाही. गाठ मोठी असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि एकाच घरातल्या चारपाच कोंबड्यांचे सांधे एकदम सुजले, हाताला गरम लागले, तर माझ्याकडे यायचंच नाही. तो आजार आहे. त्या वेगळ्या ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. हे मी किती वेळा सांगितलं असेल, तरी पाटीत चारपाच कोंबड्या घालून माझ्या दारात, माझ्या कोंबड्यांच्या शेजारी आणून ठेवणारे आहेतच.

पायावरची खवलं उचलली जाऊन पाय मोजा घातल्यासारखा जाड झाला, तर ती सूज नसते. खवल्यांच्या आत बारीक किडे असतात. तेल चोपडत राहायचं आणि खुराडं साफ करायचं. साधं खोबरेल तेल. जासईहून एक म्हातारे आले होते, त्यांनी ट्रकचं वापरलेलं ऑइल लावून कोंबडीची कातडी जाळली होती. मी बोलले तर म्हणाले, "आमचा बाप हेच लावायचा."

"बापाच्या कोंबड्या जगायच्या काय?"

म्हातारे विचारात पडले. "नाय," म्हणाले. "पन किडं मरायचे."

नेरुळच्या एका टॉवरमधला तरुण मुलगा आठवतो. बँकेत कामाला, वरच्या मजल्यावर राहतो, गच्चीत तीन कोंबड्या. त्यांना भिजवलेले बदाम. मी गेले तर कोंबड्या एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसलेल्या, तिथून लादीवर दाणकन उडी मारत होत्या. तिघींचे तळवे सुजलेले.

"आंटी, त्यांना टेन्शन आलंय का? ट्रॅफिकच्या आवाजाचं?"

"त्यांना वजन आलंय," मी म्हटलं. "बदाम तू खा."

तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी दाणे बदलले आणि डब्याखाली गादी टाकली. वर त्याने योगाच्या चटईचा तुकडा पंजाच्या मापाने कापून तळव्याखाली चिकटपट्टीने बांधला. कोंबडीला बूट! मी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण गाठीवर भार येत नव्हता आणि पट्टीही भिजत नव्हती. आता माझ्या औषधांच्या डब्यात त्या चटईचे तुकडे कायम असतात. त्याची टिंगल केली तेवढं त्याचं श्रेयही लिहून टाकते.

सगळ्यात जास्त मला वैताग येतो तो दोऱ्याचा. आमच्या गल्ल्या अरुंद, कोंबड्या एकमेकींत मिसळतात, म्हणून ओळखीसाठी लोक पिलाच्या पायाला दोरा किंवा चिंधी बांधतात. पिलू वाढतं, दोरा वाढत नाही. तो मांसात रुततो, खाली पाय फुगतो, आणि पिसांत दोरा दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी माझ्या कोंबड्यांच्या नखांना नातीचं नेलपॉलिश लावते. उडालं की परत लावते. गावाला हसायला मिळतं, माझ्या कोंबड्यांचे पाय शाबूत राहतात.

या दोऱ्यावरूनच माझं आणि सुगंधाचं बिनसलं.

सुगंधा आमच्या मागच्या गल्लीतली. तिचा नवरा हसुराम लेथच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझ्या पुतण्याच्या वर्गात होता, म्हणजे तो चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. थंडी नुकती सुरू झाली होती. सुगंधा सकाळीच तांबडा कोंबडा काखेत घेऊन आली. जातिवंत जनावर, तुरा ताठ, नजर वाईट. खाली सोडला तर एक पाय पोटाशी धरून उभा राहिला. पंजा फुगून दुप्पट झालेला. आणि त्याच्या वर, खवल्यांत अर्धा बुडालेला, लाल नाडा.

"काकी, सूज उतरव," सुगंधा म्हणाली. "पन दोऱ्याला हात लावू नको."

"दोऱ्यानेच सुजलाय गो."

"ते मना दिसतं."

"मग?"

"मग काय? दोरा ठेवून उतरव. तुना एवढी वर्सं झाली, एवढा नाय येत?"

माझा पारा चढायला एवढं पुरे होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि खाली बसवलं. मग सगळं बाहेर आलं. हसुरामला बरीच वर्षं शुगर आहे. पावसाळ्यात त्याच्या सेफ्टी बुटात कारखान्यातला लोखंडाचा कीस गेला. पायाला बधिरपणा, त्याला कळलंच नाही. दिवसभर त्यावर उभा राहिला. घरी येऊन मोजा काढला तेव्हा मोजा रक्ताने भरलेला. जखम बरी होईना. वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब भरती व्हा, उशीर केलात तर पाय कापावा लागेल. कापायचं नाव ऐकून हा जो घरी पळून आला तो परत गेलाच नाही. मग सुगंधाने घरातलं सगळ्यात तगडं पिलू धरलं, त्याच्या पायाला नाडा बांधला आणि गावदेवीला बोलली, माझ्या मालकाचा पाय राहू दे, जत्रेला हा कोंबडा तुला देईन.

देवीला मीही मानते. आमच्या घरातूनही कोंबडा जातो. पण आम्ही नाडा बांधतो तो जत्रेच्या सकाळी, पूर्ण वाढलेल्या कोंबड्याला. हिने बांधला पिलाला. आणि नाडा कुजून पडेल म्हणून आतून जाळं विणायचा नायलॉनचा धागा घातला! गाठ अशी मारलेली की खाडीत होडी बांधावी.

"सोड आणि सैल बांध," मी म्हटलं. "देवी काय दोरी मोजत बसली हाय?"

"बोलून बांधलाय. सोडला तर बोललेलं सुटलं."

"मग देवळात चल. देवीच्या समोर कापू. तिची वस्तू, तिच्यापुढे."

"जत्रेच्या आधी नाय."

जत्रा चैत्रात. अख्खी थंडी जायची होती. मी तिला स्पष्ट सांगितलं की जत्रेपर्यंत हा पाय गळून पडेल आणि बहुतेक कोंबडाही जाईल. ती रडायला लागली. रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही, मी पाणी गरम करायला ठेवलं. मीठ घालून कोंबड्याचा पाय शेकला. याचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं आणि मी तिला ते सांगितलंही. ती म्हणाली, "असू दे, शेक." पुढचे काही दिवस ती रोज आली आणि मी रोज तो मूर्खपणा करत राहिले. पंजा दिवसेंदिवस गार पडत चालला होता. रंग काळपट. कोंबड्याने दाणे टिपणं कमी केलं.

मग ती यायची थांबली. कोंबडा मेला असेल म्हणून मी विचारायला गेले.

हसुरामची साप्ताहिक सुट्टी होती. ओट्यावर पाय सोडून बसला होता, एका पावलाला पट्टी. मला बघून ओरडला, "आले, कोंबऱ्याचे डॉक्टर आले! सुगंधा, चाय ठेव!"

कोंबडा कोपऱ्यात टोपलीखाली होता, जिवंत. मी टोपली उचलली आणि वास आला. मला वाटलं कोंबड्याचा. पाय नाकाशी नेला. कोंबड्याच्या पायाला तसा वास नव्हता.

सुगंधाला म्हटलं, कोंबडा धर, मला बघू दे. तिच्या हातातून कोंबडा सुटून पळाला. लंगडत पळाला. हसुराम उठला आणि त्याच्या मागे धावला.

तो धावला तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघत होते. मला सवयच आहे. माणूस सरळ, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन धावत होता. पट्टीचं पाऊल लादीवर पुरं टेकत होतं, आणि जिथे टेकलं तिथे ओला ठसा उमटत होता.

"दुखत नाय तुना?" मी विचारलं.

"अजिबात नाय." कोंबडा छातीशी धरून तो ओट्यावर बसला. चेहरा खुश. "तेच तर या बाईला सांगतो, बरा व्हायला लागलाय. डॉक्टर लोकांना काय, कापायचीच घाई."

"घट्ट धर कोंबडा. पंख दाबून धर."

त्याने दोन्ही हातांनी धरला. मी खाली बसलेलेच होते. कोंबड्याच्या ऐवजी त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागले.

"काकी! काकी, काय करतेस! माझा नाय, कोंबऱ्याचा!"

"कोंबडा सोडलास तर बघ."

कोंबडा सोडला असता तर त्याने तोंडावरच झेप घेतली असती, हे हसुरामला ठाऊक होतं. तो नुसता ओरडत राहिला. सुगंधा धावत आली, "कोन बोलला तुना सोडायला?" पण तोवर पट्टी सुटली होती. तळव्याला भोक, चिंचोका बसेल एवढं. कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या. घोट्यापर्यंत सूज, हाताला गरम. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी. वास तिथलाच होता.

मला माणसांचं काही कळत नाही. पण एवढं कळायला काही शिकावं लागत नाही. माझं डोकं फिरलं.

"हसुराम," मी म्हटलं, "या कोंबऱ्याला अक्कल हाय. दुखतंय म्हणून पाय वर धरून उभा हाय. तुझा पाय मेलाय म्हणून तू नाचतोस."

"मेलाय" हा शब्द ऐकला आणि सुगंधाने माझ्यावर तोंड सोडलं. काय काय बोलली ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. माझ्या घरात पुरुष माणूस राहिला नाही तिथपासून सुरू केलं. मीही गप्प बसले नाही. शेजारच्या भाडेकरूंची पोरं जिन्यात जमा झाली. आम्ही दोघी एकमेकींवर ओरडत होतो आणि मधे हसुराम कोंबडा धरून, एक पाय माझ्या मांडीवर ठेवून बसलेला.

तो कोंबड्याच्या पायाकडे बघत होता. तांबड्या कोंबड्याचा फुगलेला पंजा त्याच्या नाकासमोर लोंबत होता.

"काकी," तो म्हणाला, "याचा पन कालाच परलाय."

"हो."

"याचा वाचल काय?"

"आत्ता दोरा काढला तर वाचेल कदाचित."

"काप."

"नाय!" सुगंधा ओरडली. "माझा नवस हाय."

"पाय माझा हाय ना? मग मी सांगतो. काप, काकी."

सुगंधा आत देवाच्या कोनाड्यापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. माझी बारीक कात्री माझ्याजवळच असते. लाल नाडा पहिल्याच झटक्यात तुटला. नायलॉन मात्र मांसात इतका गेला होता की चिमट्याने धरून थोडा थोडा ओढावा लागला. हसुराम कोंबड्याला धरून होता आणि घामाने निथळत होता. शेवटचा तुकडा निघाला आणि भळकन रक्त आलं. मला बरं वाटलं. रक्त येतं तिथे अजून जीव असतो. कोंबड्याने मान वळवून हसुरामच्या हाताचा लचका तोडला, तेही चांगलं लक्षण.

पाय धुतला, औषध लावून सैल पट्टी बांधली. मग हसुरामला म्हटलं, "आता तू रिक्षा बोलव आणि वाशीला जा."

"जत्रेनंतर..."

"जत्रेचा काय संबंध? दोरा गेला. आता कशासाठी थांबतोस?"

इतके महिने तो त्या दोऱ्याच्या आड बसला होता, बायकोचा नवस आहे, देवी बघेल, असं म्हणत. दुपारी गेला. सुगंधा बरोबर गेली. माझ्यासमोरून गेली, बघितलं नाही.

त्याची दोन बोटं काढावी लागली. बाकी पाऊल राहिलं. बरेच दिवस दवाखान्यात होता. मी गल्लीतून त्याच्या भावाकडे चौकशी करायची, कारण सुगंधा माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्यांशी मात्र बोलत होती. नळावर, दुकानात, हळदीकुंकवाला. "काकीने दोरा कापला, माझ्या मालकाची दोन बोटं गेली." बायका माझ्याकडे येऊन सांगायच्या, आणि मी काय म्हणते ते परत तिला जाऊन सांगायच्या. मी काही म्हणत नव्हते. म्हणजे पहिले दोन दिवस म्हटलं, नंतर सोडून दिलं. माणसाला दोष ठेवायला कुणीतरी हवं असतं, आणि देवीवर ठेवण्यापेक्षा माझ्यावर ठेवणं सोयीचं होतं.

कोंबडा जगला. पण पंजा वाकडा राहिला आणि चालण्यात लंगडेपणा आला. देवळातल्या म्हाताऱ्या पुजारणीने सांगितलं, देवीला असला चालत नाही, दुसरा आण. सुगंधाने दुसरा आणला. माझ्याकडून घेतला नाही. माझ्याकडे तेव्हा उत्तम कोंबडे होते, पण ती कुठून तरी लांबून घेऊन आली. जत्रेच्या दिवशी ती माझ्यासमोरून देवळात चालली होती तेव्हा मी त्या कोंबड्याचे पाय बघितले. खवलं सगळी उचललेली, पाय खांबासारखे जाड. फसवलं होतं तिला. जीभ दातांखाली धरून मी उभी राहिले. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

हसुराम घरी आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तळवा बघायचा. आरसा धरून बघा म्हणाले. हसुरामचं पोट मोठं, त्याला ना वाकता येतं ना आरसा नीट धरता येतो. सुगंधाला जखम बघितली की चक्कर येते. म्हणून हा कामावर जाताना माझ्या अंगणात यायला लागला. स्टूलवर बसायचं, मोजा काढायचा, पाय माझ्यासमोर करायचा. मी तळव्यावर नजर फिरवायची, "जा" म्हणायचं. कोंबड्यांना दाणे टाकायच्या वेळेला रोज हे एक काम वाढलं.

"बायकोला दाखव की," मी म्हणायची.

"ती बगत नाय, काकी. तोंड फिरवते."

"मग मी काय म्हणून बघू? मी तुझी कोन?"

"तू कोंबऱ्यांची डॉक्टर," तो म्हणायचा आणि हसायचा. दोन बोटं गेली तरी हसणं कमी झालं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी त्याने मोजा काढला आणि पावलाच्या कडेला, नवा बूट घासतो तिथे, लाल चट्टा होता. मध्ये फोड. मी हाताची मागची बाजू लावली. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तिथे गरम लागलं.

"आज कामावर जायचं नाय. दवाखान्यात जा."

"एवढ्याशा फोडाला? दुखत पन नाय."

परत तेच! मी हातातली दाण्यांची परात खाली आपटली, कोंबड्या उडाल्या. भिंतीपाशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुगंधा! ये इकडे! तुझा नवरा परत दुखत नाय म्हनतोय!"

ती आली. पदराला हात पुसत, कपाळाला आठ्या घालून, दारातच थांबली. इतक्या महिन्यांनी माझ्या अंगणात आली होती. मी मागचं काही काढलं नाही. माझ्याकडे वेळ नव्हता.

"खाली बस. चष्मा लाव. बघ."

"मना चक्कर येते."

"बसल्यावर चक्कर येऊन कुठे पडणार? बस."

ती बसली. मी तिला दाखवलं. आधी टाच, मग कडा, मग प्रत्येक बोटाच्या मध्ये, जिथे बोटं नाहीत तिथली शिवण. हाताची मागची बाजू लावून गरम लागतं का ते. मोजा उलटा करून आत डाग आहे का ते. आणि शेवटी नाक. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, मग मान खाली घातली आणि नवऱ्याच्या पायाचा वास घेतला. हसुराम आकाशाकडे बघत होता, कान लाल झाले होते.

"वास नाय," ती म्हणाली.

"म्हणजे अजून वेळ गेली नाय. आज जा."

ती उठली नाही. त्याचं पाऊल तिच्या हातात होतं. फोडाकडे बघत म्हणाली, "काकी, तू दोरा कापला नसतास तर बोटं राहिली असती काय?"

इतके महिने ती हे सगळ्या गावाला सांगत होती, पण मला पहिल्यांदा विचारत होती. तिला समजावायचा मला कंटाळा आला होता, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

"बोटं आधीच गेली होती. तू पट्टी उघडून बघितली नव्हतीस."

तिला हे लागलं, ते मला दिसलं. मी शब्द मागे घेतला नाही. हसुराम म्हणाला, "जाऊ द्या ना आता," पण त्याच्याकडे आम्ही दोघींनी लक्ष दिलं नाही.

मग तिने तो पाय हळूच खाली ठेवला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि हात पुढे केला.

"दुसरा दे."

"दुसऱ्याला काय झालंय? तो चांगला हाय!"

"दे म्हनते ना."

दुसरा पाय आजपर्यंत कुणी बघितलाच नव्हता. डॉक्टरांनी बघितला असेल तर असेल, मी नव्हता बघितला. हसुरामने माझ्याकडे बघितलं. मी परात उचलली आणि कोंबड्यांकडे वळले. मागे बुटाची लेस सुटल्याचा आवाज आला.